मेशिकांचा पाडाव आणि त्याचे अर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश कोर्तेस 1519मध्ये मेक्सिकोत आला, तिथल्या अ‍ॅझ्टेक राजाने, मोक्तेसुमाने, त्याला देव मानलं, पाचशे माणसांनी साम्राज्य बुडवलं. बहुतेकांच्या डोक्यात ही गोष्ट एवढीच असते, आणि या तीन तुकड्यांतला एकही जसाच्या तसा टिकत नाही. कुठेही हा विषय निघाला की तेच तेच प्रश्न पुढे येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

"अ‍ॅझ्टेक" हे त्यांचं स्वतःचं नाव होतं का?

नाही. ते स्वतःला मेशिका म्हणवत. "मेक्सिको" हे देशाचं नाव त्यातूनच आलं. आस्त्लान नावाच्या दंतकथेतल्या मूळ भूमीवरून "अ‍ॅझ्टेक" हा शब्द तयार झाला आणि युरोप-अमेरिकेत तो रुळला एकोणिसाव्या शतकात. इथे मी शक्यतो "मेशिका"च वापरतो. कारण "अ‍ॅझ्टेक" म्हटलं की सगळा मध्य मेक्सिको एकाच लोकांचा, एकाच झेंड्याखालचा होता असं वाटू लागतं आणि पुढचे सगळे गैरसमज तिथून सुरू होतात.

मग ते "साम्राज्य" होतं तरी कसलं?

मध्य मेक्सिकोत माणसाची ओळख त्याच्या आल्तेपेत्लवरून ठरे. आत्ल म्हणजे पाणी, तेपेत्ल म्हणजे डोंगर. पाणी-डोंगर, म्हणजे आपलं गाव-राज्य: स्वतःचा राजा, स्वतःचं दैवत, स्वतःचा बाजार. अशी शेकडो होती. 1428 साली तेनोच्तित्लान (मेशिकांचं तळ्यातलं शहर), तेस्कोको आणि त्लाकोपान या तीन गाव-राज्यांनी युती केली आणि पुढच्या नव्वद वर्षांत बाकीच्यांना एकेक करून खंडणीला लावलं. पुढे या युतीत तेनोच्तित्लानचंच वजन वाढत गेलं.

जिंकलेल्या गावाचा राजा सहसा गादीवरच राहायचा. त्याने ठरल्या वेळी कापसाची कापडं, मका, मिरची, कोको, पिसं, योद्ध्यांचे पोशाख पाठवायचे; चुकलं तर फौज यायची. सगळीकडे ठाणी नाहीत की नोकरशाही नाही. हे आपल्याकडच्या वाचकाला समजायला जड जाऊ नये. चौथाई भरणारा मुलूख आणि स्वराज्यातला मुलूख यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे. खंडणी देणारा मनाने आपला असतोच असं नाही.

कोर्तेसला स्पेनच्या राजाने पाठवलं होतं ना?

छे. त्याला पाठवलं होतं क्युबाचा गव्हर्नर दिएगो वेलास्केसने, तेही किनारा पाहून यायला आणि व्यापार करायला. वसाहत करायची परवानगी नव्हती. निघायच्या आधीच वेलास्केसला संशय आला आणि तो नेमणूक रद्द करायला निघाला, तेव्हा कोर्तेसने घाईघाईने शिडं उभारली. फेब्रुवारी 1519मध्ये 11 जहाजं, पाचशेच्या आसपास सैनिक आणि 16 घोडे घेऊन तो निघाला तो जवळजवळ बंडखोर म्हणूनच.

मेक्सिकोच्या किनाऱ्यावर त्याने जी चाल खेळली ती कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावी अशी आहे. बरोबरच्या लोकांना घेऊन त्याने वेराक्रूस नावाचं "शहर" स्थापन केलं. शहर झालं म्हणजे नगरपालिका आली. त्या नगरपालिकेपुढे कोर्तेसने वेलास्केसने दिलेल्या पदाचा राजीनामा दिला आणि नगरपालिकेने लगेच राजाच्या नावाने त्यालाच सेनापती आणि मुख्य न्यायाधीश नेमलं. वाळूत चार खोपटी उभी, पण कागद पक्का! पुढची सगळी मोहीम त्या कागदावर चालली. कोर्तेसची राजाला लिहिलेली लांबलचक पत्रं वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण तो वर्णन करत नाहीये, स्वतःची मान सोडवतोय.

त्याने परतीचे दोर कापायला जहाजं जाळली होती का?

जाळली नाहीत. किनाऱ्याला लावून निकामी केली. शिडं, दोरखंड, लोखंडी सामान नीट उतरवून ठेवलं आणि दोन वर्षांनी तेच सामान भलत्याच ठिकाणी कामी आलं. ते वेढ्याच्या उत्तरात येईल.

पाचशे माणसांनी एवढं मोठं राज्य कसं जिंकलं?

जिंकलं नाही. हा प्रश्नच चुकीचा आहे, पण तो पाचशे वर्षं विचारला जातोय, म्हणून जरा सविस्तर.

28 एप्रिल 1521 रोजी, शेवटच्या वेढ्याआधी, कोर्तेसने तेस्कोकोत आपल्या लोकांची मोजदाद केली. 86 घोडेस्वार, 118 धनुर्धर आणि बंदूकधारी, सातशेच्या वर पायदळ. म्हणजे मधल्या काळात कुमक येऊनही स्पॅनिश हजारसुद्धा नव्हते. आणि त्यांच्या बाजूने लढायला उभे होते त्लाश्काला, तेस्कोको, वेशोत्सिंको, चाल्को अशा कितीतरी गाव-राज्यांचे हजारो, बहुधा लाखाच्या घरातले योद्धे. शंभरातला एखादाच स्पॅनिश.

नुसते योद्धे नव्हेत. या फौजेला रोज खायला कोण घालत होतं? मक्याच्या भाकऱ्या कोण भाजत होतं, ओझी कोण वाहत होतं, खिंडीतून वाट कोण दाखवत होतं, तोडलेले बांध रात्रीत कोण बुजवत होतं? युद्धाच्या गोष्टी सांगताना पोटापाण्याचा भाग गळतो आणि मग मूठभर माणसांचा चमत्कार शिल्लक राहतो.

हा चमत्कार कोणी रचला तेही पाहिलं पाहिजे. स्वारीवर गेलेल्या स्पॅनिश माणसाला पगार नव्हता. लुटीत हिस्सा आणि नंतर राजाकडून इनाम, एवढीच आशा. इनाम मागायचं तर आपण काय पराक्रम केला याचा अर्ज साक्षीपुराव्यानिशी दरबारात पाठवायचा. आपल्याकडे वतनाच्या भांडणात करीने, म्हणजे आपापल्या बाजूच्या हकिकती, लिहीत, तोच हा प्रकार. त्यात "आमच्याबरोबर पन्नास हजार त्लाश्कालन होते, खरी मारामारी त्यांनी केली" असं लिहिणारा माणूस वेडाच म्हणायचा. गंमत म्हणजे त्लाश्कालांनीही नेमके तसेच अर्ज केले, फक्त त्यांच्या अर्जात पराक्रम त्यांचा होता. स्पॅनिशांच्या बाजूने लढलेला हुआन गार्रिदो नावाचा आफ्रिकेत जन्मलेला एक मोकळा माणूस होता. त्याने 1538च्या अर्जात लढायांखेरीज आणखी एक कामगिरी नोंदवली: या भूमीत गहू पहिल्यांदा मी पेरला.

म्हणजे त्लाश्कालाचे लोक फितूर होते?

आपल्या लोकांकडून हा प्रश्न हटकून येतो. पराभव दिसला की घरभेदी शोधायची आपली सवय जुनी आहे. पण फितूर व्हायला आधी एकाच बाजूचं असावं लागतं. त्लाश्काला कधीही मेशिकांच्या ताब्यात नव्हतं. चारी बाजूंनी कोंडलेलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे मीठ आणि कापूस पोहोचू दिला जात नव्हता. ज्याने अळणी जेवून दिवस काढले त्याला शेजाऱ्याबद्दल काय वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको.

आणि त्यांनी स्पॅनिशांना दार उघडून आत घेतलं असंही नाही. सप्टेंबर 1519मध्ये त्यांनी कोर्तेसशी लागोपाठ लढाया केल्या, त्याला मेटाकुटीला आणलं. मग हिशेब केला: हे लोक कमी आहेत, पण चिवट आहेत, आणि शत्रूच्या दारात नेऊन सोडले तर उपयोगी आहेत. त्या घडीला हा हिशेब शहाणपणाचाच होता. पुढच्या तीनशे वर्षांत काय होणार हे कोणाच्या पत्रिकेत लिहिलेलं नव्हतं.

जवळचं उदाहरण हवं तर त्याच दशकातला गोवा घ्या. 1510 साली अफोंसो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला तो तिमोजा ऊर्फ तिम्मय्याच्या सांगण्यावरून आणि मदतीने. त्यालाही आपण पुढच्या साडेचारशे वर्षांचा पाया घालतोय असं वाटलं नसणार. त्याचा हिशेब त्याच्या हयातीपुरता होता.

त्लाश्कालांचा हिशेब बराच काळ बसलाही. त्यांना स्वतःचं चिन्ह मिळालं, आपला कारभार आपण करायची मुभा मिळाली, आणि 1591 साली उत्तरेत नवी गावं वसवायला त्यांचीच 400 कुटुंबं सवलती घेऊन गेली. साधारण 1552च्या सुमारास त्यांनी या युद्धाचा एक चित्रपट रंगवला, म्हणजे कापडावरचा. त्यात ते पहिल्या दिवसापासून स्पॅनिशांचे मित्र दिसतात. सप्टेंबरातल्या लढाया जवळजवळ गायब. अर्जदाराला काय लपवायचं हे नेहमीच कळतं.

मालिन्त्सिन कोण होती? तिला खलनायिका का म्हणतात?

मूळची नाहुआत्ल, म्हणजे मेशिकांचीच भाषा, बोलणारी मुलगी. लहानपणी गुलाम म्हणून माया लोकांच्या मुलखात पोहोचली. मार्च 1519मध्ये ताबास्कोतल्या लढाईनंतर हरलेल्यांनी कोर्तेसला वीस बायका नजर केल्या, त्यातली ती एक. तिला नाहुआत्ल आणि माया दोन्ही येत. कोर्तेसबरोबर हेरोनिमो दे आगिलार होता, जहाज फुटून आठ वर्षं मायांमध्ये राहिलेला. त्यामुळे सुरुवातीला साखळी अशी: मोक्तेसुमाचा वकील नाहुआत्लमध्ये बोले, मालिन्त्सिन त्याचं माया करी, आगिलार मायाचं स्पॅनिश. थोड्याच महिन्यांत ती स्पॅनिश शिकली आणि मधला दुवा गळाला.

स्थानिक चित्रांत ती मधोमध उभी असते, बोलत असते, आणि कोर्तेस बाजूला. त्या लोकांनी तर कोर्तेसलाच "मालिन्चे" म्हणायला सुरुवात केली, म्हणजे मालिन्त्सिनचा धनी. "मालिन्चिस्ता" (परक्यांच्या नादी लागलेला) ही शिवी फार नंतरची. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर राष्ट्राला आई हवी होती आणि गद्दारही हवा होता. दोन्ही ओझी हिच्या डोक्यावर आली. कोर्तेसपासून तिला मार्तिन हा मुलगा झाला म्हणून ती मिश्र मेक्सिकोची आई, आणि परक्याला मदत केली म्हणून घरबुडवी. जिला आपल्याच लोकांनी विकलं तिने कोणाशी इमान राखायचं होतं, हे विचारणारे अभ्यासक अलीकडे वाढलेत. मी त्यांच्या बाजूचा आहे. ती 1529च्या सुमारास, तिशीच्या आतबाहेर असताना वारली.

मोक्तेसुमाने कोर्तेसला देव मानलं होतं, हे तरी खरं?

केत्सालकोआत्ल देव पूर्वेकडे गेला होता, मेशिका पंचांगातल्या "एक-वेत" नावाच्या वर्षी परत येणार होता, आणि नेमक्या त्याच वर्षी, 1519मध्ये, दाढीवाले गोरे उतरले. गोष्ट सुबक आहे. जरा जास्तच सुबक.

पहिली गोष्ट, स्वतः कोर्तेस असं कुठेच म्हणत नाही. आणि मोठेपणा सांगायची संधी सोडणाऱ्यांतला तो नव्हता. ही कथा आकार घेते ती पाडावानंतर वीस-तीस वर्षांनी, आधी ख्रिस्ती भिक्षूंच्या आणि मग त्यांच्या शाळेत शिकलेल्या स्थानिक तरुणांच्या लिखाणात. धूमकेतू, मंदिराला आपोआप लागलेली आग, रात्री रडत फिरणारी बाई, असे आठ अपशकुनही तेव्हाचेच. नव्या पिढीपुढे प्रश्न होता: आपले बापजादे एवढे बलाढ्य, मग हरले कसे? दैवात होतं, हे उत्तर त्या जखमेवर फुंकर घालतं. भिक्षूंनाही ते सोयीचं होतं, कारण त्यातून हा बदल ईश्वरी योजनेसारखा दिसतो. अमेरिकन इतिहासकार कॅमिला टाउनसेंड यांनी 2003 साली या सगळ्याची उलटतपासणी केली आणि तेव्हापासून ही कथा सांगणारे अभ्यासक थोडेच उरलेत.

मग कोर्तेसच्या पत्रातल्या मोक्तेसुमाच्या त्या भाषणाचं काय, ज्यात तो जणू राज्यच देऊन टाकतो? दरबारी नाहुआत्ल ही उलटी भाषा. थोराने स्वतःला लहान म्हणायचं, पाहुण्याला मोठं करायचं. आपणही "घर तुमचंच आहे" म्हणतो. म्हणून पाहुणा तलाठ्याकडे जाऊन सातबारा नावावर करून मागत नाही. कोर्तेसने मागितला. त्याचं हे पत्र 30 ऑक्टोबर 1520चं आहे, म्हणजे शहरातून मार खाऊन पळाल्यानंतरचं. मोक्तेसुमाने राज्य आधीच स्पेनचा राजा कार्लोस याला दिलं होतं असं ठरलं, तर मेशिका शत्रू नव्हे, "बंडखोर" ठरतात. आणि बंडखोरांवरचं युद्ध कायदेशीर. इथेही कागदच.

मोक्तेसुमा भित्रा होता का? त्याला कोणी मारलं?

अठरा वर्षं गादीवर बसून लढाया मारलेला माणूस एका सकाळी भित्रा होत नाही. परक्यांना शहरात बोलावून, जवळ ठेवून, निरखायचं हे धोरण असू शकतं. 8 नोव्हेंबर 1519ला बांधावर भेट झाली तेव्हा आठ महिन्यांनी काय होणार हे त्याला दिसत नव्हतं.

घोटाळा झाला मे 1520मध्ये. वेलास्केसने कोर्तेसला पकडायला पान्फिलो दे नार्वाएसला मोठी फौज देऊन पाठवलं. कोर्तेस त्याला अडवायला किनाऱ्याकडे गेला आणि मागे राहिलेल्या पेद्रो दे आल्वारादोने तोश्कात्लच्या सणात नाचणाऱ्या निःशस्त्र सरदारांवर तलवारी चालवल्या. दारं अडवून. नाहुआत्ल वृत्तान्त सांगतो की आधी ढोल वाजवणाऱ्याला गाठलं आणि त्याचे दोन्ही हात तोडले. शहर त्यानंतर पेटलं.

जूनअखेर मोक्तेसुमा मेला. स्पॅनिश म्हणतात, त्याच्याच लोकांनी दगड मारले. स्थानिक वृत्तान्त म्हणतात, स्पॅनिशांनीच मारून प्रेत बाहेर फेकलं. त्यातल्या एका वृत्तान्तात त्याची चिता जळताना दुर्गंधी सुटली असंही लिहिलंय. हे वाचताना सांगणारे कोण ते बघा: त्लातेलोल्कोचे लोक. शेजारच्या तेनोच्तित्लानने 1473 साली त्लातेलोल्को जिंकून मांडलिक केलं होतं. राग जुना होता.

"दुःखाची रात्र" म्हणजे काय?

30 जून 1520ची रात्र. कोर्तेस आणि त्याचे सोबती शहरातून पश्चिमेच्या बांधावरून पळाले. पूल तोडलेले, दोन्ही बाजूंनी होड्या, वर पाऊस. शेकडो स्पॅनिश आणि त्याहून कितीतरी जास्त त्लाश्कालन तिथे मेले. अंगरख्यात सोनं कोंबलेले आधी बुडाले, असं वाचलेल्यांनी लिहून ठेवलं.

1981 साली मेक्सिको सिटीत आलामेदा बागेजवळ बांधकामाच्या खोदाईत एका कामगाराला सोन्याची कांब सापडली. 26.2 सेंटिमीटर लांब, 1.93 किलो वजनाची, मधोमध किंचित वाकलेली. ती जागा त्या रात्रीच्या पळवाटेवरच येते. 2020 साली तपासणीत कळलं की सोन्याचा कस 1519-20मध्ये वितळवलेल्या लुटीशी जुळतो. दागिने वितळवून, नेता यावेत म्हणून अशा कांबी ओतल्या होत्या. दोन किलो सोनं छातीशी धरून तळ्यात गेलेला माणूस कोण, ते कळायला मार्ग नाही.

बंदुका, पोलाद आणि घोड्यांमुळेच विजय झाला ना?

थोडा. पोलादी तलवार खरंच भारी होती. ज्वालाकाचेच्या (ज्वालामुखीतल्या काचेच्या) पात्यांचा मेशिकांचा सोटा भयंकर कापायचा, पण पोलादावर फुटायचा. घोडा मोकळ्या मैदानात जबरदस्त. बंदुका मात्र मोजक्या आणि सावकाश. शिवाय उकाड्यात पोलादी चिलखत घालवेना म्हणून स्पॅनिशांनीच स्थानिकांचं मिठात मुरवलेलं जाड सुती चिलखत उचललं. मेशिकाही लवकर शिकले: तोफेपुढे होड्या वाकड्यातिकड्या हाकायच्या, पकडलेल्या तलवारी लांब काठ्यांना बांधून घोड्यांवर रोखायच्या, तळ्याच्या तळाशी खुंट रोवून जहाजं अडकवायची. हत्यारांचा फरक होता. पण त्याच हत्यारांनी स्पॅनिश 30 जूनच्या रात्री वाचले नाहीत.

देवीच्या रोगाचा वाटा किती?

मोठा, पण तो दोन्ही बाजूंना लागला हे विसरलं जातं. नार्वाएसच्या ताफ्याबरोबर देवी आल्या. 1520च्या शरद ऋतूत त्या तेनोच्तित्लानमध्ये शिरल्या. नाहुआत्लमध्ये नाव पडलं "हुएय सावात्ल", मोठे फोड. माणसं कूस बदलू शकत नव्हती, हलली की किंचाळत, आणि कितीतरी लोक रोगाने नव्हे तर भुकेने मेले, कारण घासभर कोणी करून घालणारं उभं नव्हतं. नवा राजा क्वित्लावाक अवघे ऐंशी दिवस राज्य करून गेला. पण त्लाश्कालातही लोक तसेच मेले, त्यांचे जुने सरदार गेले. फरक असा की तिथल्या रिकाम्या गाद्यांवर कोण बसणार यात कोर्तेसला बोलता आलं.

लोकसंख्येचे आकडे ऐकले असतील: 1519मध्ये मध्य मेक्सिकोत अडीच कोटी, शतकाअखेर दहा-बारा लाख. वरचा आकडा एका प्रसिद्ध पण जुन्या अंदाजातला. दुसऱ्या टोकाचा अंदाज 50 लाखांच्याही खाली जातो. सुरुवातीचा आकडा कुठलाही धरा, घसरण भीषणच दिसते. सर्वांत मोठे तडाखे 1545 आणि 1576च्या "कोकोलिस्त्ली" साथींचे होते, म्हणजे पाडावानंतरचे. वेठबिगार, उपासमार आणि उठवून वसवलेली गावं यांनी माणसं आधीच खंगली होती. निव्वळ जंतूंवर सगळं ढकलणं कोणाच्या तरी सोयीचं आहे.

वेढा कसा झाला?

त्या उतरवून ठेवलेल्या शिडा-दोरांचं काम इथे आलं. तेनोच्तित्लान तळ्यातलं शहर, तर तळ्यावर ताबा हवा. मार्तिन लोपेस या सुताराच्या देखरेखीखाली त्लाश्कालात 13 जहाजांचे भाग घडवले गेले आणि हजारो हमालांच्या खांद्यावरून डोंगर ओलांडून तेस्कोकोला आणून जोडले गेले. ती तळ्यात उतरवायला कालवा खणला तो तेस्कोकोच्या माणसांनी. कोर्तेसच्याच पत्रानुसार रोज 8,000 माणसं, पन्नास दिवस.

मेअखेर चापुल्तेपेकहून येणारं गोडं पाणी तोडलं. मग गल्ली-गल्ली, घर-घर. घरं पाडायची, त्याच मातीने कालवे बुजवायचे, दुसऱ्या दिवशी पुढे सरकायचं. रात्री मेशिका पुन्हा उकरून ठेवायचे. जूनअखेर एका सापळ्यात स्पॅनिश अडकले. नाहुआत्ल वृत्तान्तात पकडलेल्यांचा आकडा 53, आणि 4 घोडे. सगळ्यांची मुंडकी रांगेत लावली, घोड्यांचीसुद्धा. मित्रफौजांतले बरेच जण काही दिवस घरी निघून गेले. ते परत आले नसते तर? असले प्रश्न विचारू नयेत म्हणतात, पण इथे मोह होतो.

शेवटी लोक सरडे, गवत, कातडी, घरांची माती खात होते आणि मचूळ पाणी पीत होते. 13 ऑगस्ट 1521ला शेवटचा मेशिका राजा क्वाउतेमोक होडीत पकडला गेला. नंतर सोन्यासाठी त्याचे पाय भाजले आणि 1525मध्ये होंडुरासच्या वाटेवर त्याला फाशी दिलं.

ते नरबळी देत, मग त्यांच्याबद्दल वाईट का वाटून घ्यायचं?

देत होते, आणि ते झाकायचं कारण नाही. 2015पासून मेक्सिको सिटीच्या कॅथीड्रलमागे कवट्यांचा मनोरा खणून काढताहेत. सहाशेच्या वर कवट्या मोजून झाल्या, त्यांत बायकांच्या आणि मुलांच्याही. पण आकडे ऐकताना जरा गणित करा. 1487मध्ये महामंदिराच्या सोहळ्यात चार दिवसांत 80,400 बळी दिले असं एक जुना ग्रंथ सांगतो. म्हणजे रात्रंदिवस न थांबता मिनिटाला चौदा. तेही दगडी सुरीने, पायऱ्या चढवून.

आणि "बळी थांबवायला आम्ही आलो" हे कोर्तेसच्या लोकांचं म्हणणं असलं तरी ऑक्टोबर 1519मध्ये वाटेतल्या चोलुला शहराच्या चौकात दोन-तीन तासांत जे हजारो मारले गेले ते कुठल्या देवापुढे नव्हते.

मग विश्वास कोणाच्या साधनांवर ठेवायचा?

कोणाच्याच नाही, आणि सगळ्यांच्या. कोर्तेसचं कारण वर आलंच. बेर्नाल दियास देल कास्तियो हा त्याचा शिपाई. म्हातारपणी लिहिलं, छापलं गेलं 1632ला. वाचायला अप्रतिम. वेराक्रूसची वाळू, डास, शहर पहिल्यांदा दिसलं तेव्हाचं भान हरपणं, सगळं आहे. पण तोही इनामासाठी झगडणारा, आणि कोर्तेसचीच आरती गाणाऱ्या एका चरित्रावर चिडून लेखणी उचललेला. लास कासास हा पाद्री स्पॅनिशांच्या क्रौर्याचा पाढा वाचतो. स्पेनच्या शत्रूंनी तो आपापल्या भाषांत छापून भरपूर वापरला.

सर्वांत मोलाचं काम बेर्नार्दिनो दे साहागून या भिक्षूचं. त्याने स्थानिक विद्वानांना घेऊन बारा भागांचा ग्रंथ करवला, एका रकान्यात नाहुआत्ल, दुसऱ्यात स्पॅनिश, मध्ये शेकडो चित्रं. आज तो फ्लॉरेन्समध्ये आहे. बारावा भाग पाडावाचा. स्पॅनिश रकाना पुष्कळदा आखूड, गुळमुळीत, नाहुआत्लमध्ये तपशील. दोन रकान्यांमधल्या त्या फटीत मला हा इतिहास सर्वांत जिवंत वाटतो.

इतिहासकारांचं मत काळानुसार कसं बदललं?

1843 साली विल्यम प्रेस्कॉट या अमेरिकन लेखकाने कोर्तेसला कादंबरीचा नायक केलं. ते चित्र शंभर वर्षं चाललं. 1959मध्ये मेक्सिकोच्या मिगेल लेओन-पोर्तिया यांनी नाहुआत्ल वृत्तान्त एकत्र करून जितांची बाजू सामान्य वाचकापुढे ठेवली. पुढे जेम्स लॉकहार्ट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नाहुआत्लमधली मृत्युपत्रं, जमिनीचे कागद, गावसभांची टिपणं वाचायला घेतली, आणि लक्षात आलं की 1521 नंतरही कितीतरी आल्तेपेत्ल आपापल्या चालीने चालत होती. मॅथ्यू रेस्टॉल यांनी 2003पासून "मूठभर वीर" या कल्पनेचीच चिरफाड केली. आता काहीजण याला स्पॅनिश विजय न म्हणता स्पॅनिश-मेशिका युद्ध किंवा स्थानिकांचं आपसातलं युद्ध म्हणतात. मला त्यात एक धोका दिसतो: ते एवढं ताणलं की स्पॅनिश जबाबदारीतूनच सुटतात. त्लाश्कालांनी युद्ध जिंकलं असेल, पण राज्य त्यांच्या हाती आलं नाही.

आज मेक्सिकोत याकडे कसं पाहतात?

भांडत. त्लातेलोल्कोच्या चौकातल्या शिलालेखात म्हटलंय की 13 ऑगस्ट 1521 हा ना विजय ना पराजय, तो आजच्या मिश्र मेक्सिकोचा वेदनामय जन्म. हे अनेकांना पटत नाही. जन्म म्हटलं की मेलेले विसरले जातात. 2019मध्ये अध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी स्पेनच्या राजाला माफी मागायला सांगितलं, स्पेनने साफ नकार दिला. 2021मध्ये पाचशे वर्षं झाली तेव्हा "दुःखाच्या रात्री"च्या चौकाचं नाव बदलून "विजयाच्या रात्रीचा चौक" केलं. रात्र तीच. कोर्तेसची हाडं मेक्सिको सिटीतल्याच एका चर्चच्या भिंतीत आहेत, साध्या पाटीमागे. शोधत जावं लागतं.

मेशिकांची भाषा अजून कोणी बोलतं का?

बोलतात. 2020च्या जनगणनेत नाहुआत्ल बोलणारे साडेसोळा लाखांच्या आसपास होते. आणि थोडीशी आपणही बोलतो. टोमॅटो म्हणजे तोमात्ल. चिकू म्हणजे शिकोत्सापोत्ल. स्पॅनिशांनी त्याचं चिकोसापोते केलं, आणि डहाणू-घोलवडच्या वाडीपर्यंत येता येता मागचं सगळं गळून "चिकू" उरला. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. निशिगंधही मूळचा तिकडचाच. आणि दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडू मेशिकांचा सेम्पोआल्शोचित्ल, "वीस-फूल". तिथे तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरी येणाऱ्या पितरांना वाट दिसावी म्हणून कबरीपासून उंबऱ्यापर्यंत पाकळ्या पाकळ्या करून पसरतात.